वाचकांचे प्रश्न : परक्या मैदानावरचे प्रशिक्षक

भारतीय फुटबॉल संघाच्या आजवरच्या प्रशिक्षकांविषयी गेल्या अंकात एक टिपण आले होते. त्यात इंग्लंडचे बॉब हाऊटन यांचा उल्लेख एका ओळीत आटोपला होता, आणि ते अनेक वाचकांना रुचलेले नाही. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाला वेगवेगळ्या बाजूंनी भिडतात, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : भारताला २०११ च्या आशियाई चषकापर्यंत नेणारे बॉब हाऊटन हे एके काळी युरोपियन कपच्या (आताच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यापर्यंत संघ घेऊन गेले होते, हे खरे आहे का? खरे असेल तर एवढा मोठा माणूस आपल्याकडे कसा आला? त्यांच्या देशात त्यांना कोणी विचारत नव्हते की काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खरे आहे. ३० मे १९७९ रोजी म्युनिकमध्ये तो सामना झाला तेव्हा इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या बाकावर ब्रायन क्लफ बसले होते आणि स्वीडनच्या माल्मो संघाच्या बाकावर एकतीस वर्षांचे हाऊटन. ट्रेव्हर फ्रान्सिस यांच्या एकमेव गोलवर फॉरेस्टने चषक जिंकला. माल्मोचे काही प्रमुख खेळाडू जायबंदी होते, संघ जवळजवळ सगळा स्थानिक होता आणि त्यातले बरेच जण फुटबॉलच्या जोडीला नोकरीही करत. अशा संघाने अंतिम फेरीच्या वाटेवर मोनॅको, डायनॅमो कीव्ह, विस्वा क्राकूफ आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना यांना बाद केले होते. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत स्वीडनचा दुसरा कोणताही क्लब आजतागायत पोहोचलेला नाही.

हाऊटन १९७४ मध्ये माल्मोला गेले तेव्हा ते २६ वर्षांचे होते. इंग्लंडच्या वरच्या विभागात खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर काहीही नव्हते, आणि प्रशिक्षक म्हणून हेस्टिंग्ज, मेडस्टन यांसारख्या छोट्या क्लबांपलीकडे त्यांची मजल गेलेली नव्हती. स्वीडनमध्ये तेव्हा बचावाची जर्मन धाटणी रूढ होती. प्रत्येक बचावपटूला प्रतिस्पर्ध्यांपैकी एकेक माणूस नेमून दिलेला असे, त्याने त्याची पाठ सोडायची नाही, आणि सर्वांच्या मागे एक मोकळा बचावपटू, म्हणजे स्वीपर, राहायचा. हाऊटन यांनी ही पद्धत मोडीत काढली. चौघांची बचावफळी सरळ रेषेत, तिच्यापुढे चौघांचीच मधली फळी, आणि दोन आघाडीवीर. प्रत्येकाने माणसाऐवजी आपली जागा सांभाळायची. चेंडू डावीकडे गेला की अख्खा संघ डावीकडे सरकायचा, चेंडू पुढे गेला की बचावफळीनेही पुढे सरसावून प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडच्या कैचीत पकडायचे. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात दहा माणसांची पावले एकाच वेळी पडावीत यासाठी तोच सराव महिनोन्‌महिने, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही, करवून घ्यावा लागतो. हा खेळ यांत्रिक आहे, रूक्ष आहे, यात खेळाडूच्या प्रतिभेला वाव नाही, अशी टीका स्वीडिश पत्रकारांनी आणि प्रशिक्षकांनी केली आणि तो वाद तिथे वर्षानुवर्षे धुमसत राहिला. माल्मोने मात्र १९७४, १९७५ आणि १९७७ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले.

आता आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध. १९७७ ते १९८२ अशी सलग सहा वर्षे युरोपियन कप इंग्लंडच्याच क्लबांनी जिंकला : लिव्हरपूलने तीनदा, फॉरेस्टने दोनदा आणि ॲस्टन व्हिलाने एकदा. ज्या देशाचे क्लब युरोपवर राज्य करत आहेत, त्या देशाचे संचालक स्वीडनमध्ये कोण काय करतो आहे हे कशाला बघायला जातील? हाऊटन यांना मायदेशात जी खुर्ची मिळाली ती ब्रिस्टल सिटीची. तो क्लब पहिल्या विभागातून ओळीने खाली घसरत होता आणि १९८२ च्या आरंभी दिवाळखोरीच्या दारात उभा होता. तिथे हाऊटन टिकले नाहीत. त्यानंतर कॅनडातील टोरोंटो ब्लिझार्डला त्यांनी १९८३ आणि १९८४ अशी दोन वर्षे उत्तर अमेरिकी लीगच्या अंतिम फेरीत नेले. पुढची बरीच वाट आशियातून गेली : सौदी अरेबिया, चीन, उझबेकिस्तान आणि इराण. चीनच्या राष्ट्रीय संघाने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले ते त्यांच्याच हाताखाली. प्रशिक्षकाला पुढचे काम बहुधा त्याचे मागचे काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिले तेच देतात, आणि म्हणून एकदा आशियात रुळलेला माणूस आशियातच फिरत राहतो. २००६ मध्ये भारतीय महासंघाने त्यांना बोलावले तेव्हा आशियाई फुटबॉलमध्ये ते चांगलेच परिचित होते.

आपल्याकडे त्यांनी जे केले ते माल्मोत केले त्याहून फार वेगळे नव्हते. त्यांनी वेळ मागितला. दीर्घ शिबिरे, बार्सिलोना आणि दुबईसारख्या ठिकाणी परदेशी मुक्काम, आणि तोच तो खेळाडूंचा संच. क्लबांनी यावर कुरकुर केली, आणि ती अगदीच निराधार नव्हती, कारण खेळाडूंचे पगार क्लब देत होते. परंतु १९८२ पासून चालत आलेला नेहरू चषक भारताने प्रथमच जिंकला तो २००७ मध्ये, सीरियाला हरवून. २००९ मध्ये पुन्हा सीरियालाच हरवले, त्या वेळी पेनल्टी शूटआउटमध्ये. १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर आशियाई महासंघाच्या (एएफसी) चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले, ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव झाला, आणि १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकाचे दार भारतासाठी उघडले.

दोहा येथे जानेवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५ आणि दक्षिण कोरियाकडून १-४ असे पराभव झाले. गोलरक्षक सुब्रत पाल नसते तर हे आकडे याहून वाईट दिसले असते. हाऊटन यांच्या खेळात लांब पल्ल्याचे फटके फार, अशी तक्रार तेव्हा झाली आणि आजही होते. मला तिच्यापेक्षा दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो : पाच वर्षे त्यांनी एकाच पिढीवर भिस्त ठेवली, त्यामुळे एप्रिल २०११ मध्ये त्यांनी पद सोडले तेव्हा मागे शिस्त राहिली, पण तयार खेळाडूंची पुढची फळी राहिली नाही. तरीही परक्या देशात पाच वर्षे राष्ट्रीय संघ सांभाळणे ही या व्यवसायात दुर्मीळ गोष्ट आहे, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

प्रश्न : हाऊटन यांचे मित्र रॉय हॉजसन यांनी स्वीडन, स्वित्झर्लंड आणि इटली इथे नाव काढले. पण लिव्हरपूलने त्यांना सहा महिन्यांत घालवले आणि इंग्लंडचा संघ घेऊन ते आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाकडून हरले. परदेशातले यश म्हणजे दुबळ्यांच्या गावात मिळवलेली पहिलवानी, असे म्हणावे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : असे म्हणू नये, आणि त्याची कारणे हॉजसन यांच्या कारकिर्दीतच सापडतात. क्रॉयडनमध्ये हाऊटन आणि हॉजसन शाळेपासूनचे सोबती. हॉजसन क्रिस्टल पॅलेसच्या युवा संघात होते, पण पहिल्या संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. व्यावसायिक लीगबाहेरच्या छोट्या क्लबांतून खेळत त्यांनी काही काळ शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. १९७६ मध्ये हाऊटन यांच्या शिफारशीवरून हाल्मस्टाड क्लबने त्यांना नेमले. आदल्या वर्षी हा क्लब केवळ गोलफरकाच्या जोरावर पहिल्या विभागात तगला होता. हॉजसन यांच्या पहिल्याच हंगामात तो अजिंक्य ठरला आणि १९७९ मध्ये पुन्हा एकदा. पुढे १९८५ पासून माल्मोला त्यांनी सलग पाच वर्षे साखळीत अव्वल ठेवले.

स्वित्झर्लंडचे काम मला या सर्वांत मोठे वाटते. १९६६ नंतर एकाही विश्वचषकाला पात्र न ठरलेल्या या देशाला त्यांनी १९९४ च्या अमेरिकेतील स्पर्धेत नेले, पात्रता फेरीत बर्नच्या मैदानावर इटलीला हरवून. आणि तिथे रुमानियाचा ४-१ असा पराभव करून संघ बाद फेरीत पोहोचला. पाठोपाठ १९९६ च्या युरो स्पर्धेची पात्रताही मिळाली. मग मिलानचा इंटर क्लब, आणि १९९७ च्या यूएफा कपचा (युरोपीय क्लबांच्या दुसऱ्या मानाच्या स्पर्धेचा) अंतिम सामना, जो त्यांनी शाल्केविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये गमावला. यातले एकही गाव दुबळ्यांचे नव्हते. स्वीडिश आणि इटालियन भाषा ते सफाईने बोलू लागले हेही इथे सांगायला हवे, कारण त्यांची पद्धत शब्दांवरच उभी होती : सराव मधेच थांबवायचा, एखाद्या खेळाडूला दोन पावले डावीकडे उभे करायचे आणि का ते समजावून सांगायचे. दुभाष्यामार्फत असला सराव रडतखडतच चालतो.

मग लिव्हरपूलमध्ये काय बिनसले? जुलै २०१० मध्ये ते तिथे गेले तेव्हा मालकांवर कर्जाचा डोंगर होता आणि ऑक्टोबरात क्लब विकला गेला, म्हणजे ज्यांनी नेमले ते निघून गेले आणि जे आले त्यांनी हॉजसन यांना निवडलेले नव्हते. प्रेक्षकांना क्लबचे जुने लाडके खेळाडू आणि प्रशिक्षक केनी डॅलग्लिश हवे होते. बचावाची घट्ट बांधणी करून संधीची वाट पाहणारा खेळ त्यांच्या आधीच्या फुलम क्लबमध्ये खपून गेला, इतकेच नव्हे तर त्याच वर्षी फुलमसारखा छोटा क्लब युवेंटसला घरच्या मैदानावर ४-१ ने हरवून युरोपा लीगच्या (यूएफा कपचे नवे नाव) अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकाला मात्र दर आठवड्याला वर्चस्व लागते. पद्धत तीच, माणूस तोच. बदलली ती मैदानाबाहेरची अपेक्षा. ८ जानेवारी २०११ रोजी ते पायउतार झाले.

आइसलँडच्या पराभवाची गोष्ट तर आपण लिहिता त्याच्या उलटीच आहे. २७ जून २०१६ रोजी नीस शहरात इंग्लंडचा १-२ असा पराभव करणाऱ्या आइसलँडच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक होते लार्स लागरबॅक, स्वीडनचे. त्यांचा संघ कसा खेळला? चौघांच्या दोन सरळ फळ्या, दोन आघाडीवीर, जागेचा बचाव, एकत्र सरकणारी अकरा माणसे. हाऊटन आणि हॉजसन यांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये जे रुजवले, त्याच परंपरेत लागरबॅक वाढले होते. त्याच पेरणीतून त्यापूर्वी स्वेन-गोरान एरिक्सन उभे राहिले होते. त्यांनी १९८२ मध्ये गोथेनबर्गला यूएफा कप जिंकून दिला, २००० मध्ये लाझिओला इटलीचे अजिंक्यपद मिळवून दिले आणि २००१ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक होण्याचा मान मिळवला. इंग्लंडने आपली दोन माणसे बाहेर जाऊ दिली आणि त्यांचा शिष्यवर्ग परदेशी म्हणून, भरघोस मानधन देऊन, परत आणला. मला या सगळ्या इतिहासात याहून गमतीदार गोष्ट दिसत नाही.

हॉजसन यांच्या बाबतीत एक भर घालतो. नीसच्या रात्रीच त्यांनी राजीनामा दिला आणि कारकीर्द संपली असेच सर्वांनी गृहीत धरले. पुढच्या वर्षी, सत्तर वर्षांचे असताना, त्यांनी आपल्या भागातल्या क्रिस्टल पॅलेसची सूत्रे घेतली. पहिले चार सामने क्लबने आधीच गमावले होते, त्यांच्या हाताखाली आणखी तीन गमावले, सातही सामन्यांत एकही गोल नाही. आणि हंगाम संपला तेव्हा संघ अकराव्या स्थानावर होता.

प्रश्न : परदेशी प्रशिक्षकांचे एवढे कौतुक करता, मग आमच्या आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबसाठी केले ते काय कमी होते? आपला एखादा प्रशिक्षक बाहेरच्या देशात का दिसत नाही? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कमी मुळीच नव्हते. धेंपोला त्यांनी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली : २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगची, आणि २००७-०८, २००९-१०, २०११-१२ मध्ये आय-लीगची. एकाच क्लबमध्ये तेरा वर्षे राहून हे साधणारा दुसरा भारतीय प्रशिक्षक नाही. हाऊटन यांनी पद सोडल्यावर काही महिने राष्ट्रीय संघही त्यांच्याकडे आला, पण विश्वचषक पात्रतेच्या संयुक्त अरब अमिरातीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात आरंभीच दोन खेळाडूंना लाल कार्ड मिळाले आणि तयारीवर पाणी पडले. त्यांच्या पाठोपाठ गोव्याच्याच सावियो मदेरा यांनी २०११ चा दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकून दिला. त्यांच्यानंतर भारतीय माणसाला पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमायला महासंघाला थेट ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला, तेव्हा खालिद जमील यांची निवड झाली.

जमील यांचा प्रवास या संदर्भात बोलका आहे. मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळले, दुखापतींनी लवकर थांबले, मग मुंबई एफसीला तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षे वरच्या विभागात टिकवून धरले. तिथून निरोप मिळाल्यावर ते मिझोरमला गेले आणि २०१६-१७ मध्ये ऐझॉल एफसीने आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातील क्लबला देशाचे अजिंक्यपद मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. मुंबईच्या माणसाला ऐझॉलमध्ये भाषा, हवामान, आहार सगळेच नवे होते. देशाची सीमा ओलांडली नाही एवढ्यावरून हा अनुभव परदेशातल्या कामापेक्षा हलका ठरवता येईल, असे मला वाटत नाही.

तरीही आपल्या प्रश्नातली खंत खरी आहे. युरोपातल्या वरच्या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचे तर युरोपीय संघटनेचा प्रो परवाना लागतो आणि आशियाई परवाना तिथे आपोआप चालत नाही. इंग्लंडसारख्या देशात कामाचा परवाना मिळण्यासाठी मोठ्या लीगमधला पूर्वानुभव दाखवावा लागतो. आपल्याकडे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून मुख्य प्रशिक्षकपद जवळजवळ परदेशी लोकांसाठीच राखून ठेवल्यासारखे झाले आणि भारतीय माणूस सहायकाच्या खुर्चीत अडकला. ज्याला आपल्याच देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये संघ दिला जात नाही, त्याला दुसरा देश कशाच्या आधारावर देणार? दोष कुलासोंच्या पिढीचा नव्हे, तो क्लबमालकांच्या घाईचा आहे.

प्रश्न : मी कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या संघाकडून खेळतो. वय २४. मोठ्या क्लबकडून खेळण्याची संधी आता येईल असे वाटत नाही, पण प्रशिक्षक व्हावे असे मनात आहे. मोठा खेळाडू नसताना हे शक्य आहे का, आणि आरंभ कुठून करावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वरची दोन मोठी उत्तरे आपण वाचली असतील तर पहिल्या भागाचे उत्तर मिळालेच आहे, हाऊटन यांनी माल्मोची जबाबदारी घेतली तेव्हा ते आपल्याहून दोनच वर्षांनी मोठे होते आणि आपल्याइतकेच अप्रसिद्ध.

आरंभ डी परवान्यापासून करावा. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन हे अभ्यासवर्ग भरवते. त्याच्या वर सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा पायऱ्या आहेत, आणि दोन पायऱ्यांच्या मधल्या काळात प्रत्यक्ष एखादा संघ सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे नुसते वर्ग करत सुटण्याचा उपयोग नाही. शुल्क पायरीगणिक वाढत जाते. नोकरी सोडून या मार्गाला लागू नका. वरच्या वर्गांत बोलणे, लिहिणे आणि सराव घेऊन दाखवणे बहुतांशी इंग्रजीत असते, म्हणून त्या भाषेची तयारी आत्तापासून ठेवा.

शाहू स्टेडियमवर हजारोंच्या गर्दीत, पेठापेठांच्या ईर्ष्येत खेळल्यामुळे दडपण म्हणजे काय हे आपल्याला शिकवावे लागणार नाही. जे शिकायचे आहे ते संथ आणि नीरस आहे. तालमीच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा एक गट मागून घ्या, दोन हंगाम त्यांच्याबरोबर काढा, प्रत्येक सरावाआधी आज काय साधायचे ते कागदावर लिहा आणि सरावानंतर त्यातले काय साधले नाही तेही लिहा. डी परवान्याच्या वर्गाला जाताना ती वही बरोबर न्या.